चार मीटरच्या आतली उंची

१७ डिसेंबर २०२२ रोजी जीएसटी परिषदेची ४८वी बैठक झाली आणि तीत एका गाडीची व्याख्या स्पष्ट करण्यात आली. प्रश्न होता २२ टक्के उपकराचा. तो लावायचा कुणाला? परिषदेनं सांगितलं, चार अटी एकत्र पूर्ण करणाऱ्या गाडीला. इंजिन १५०० सीसीपेक्षा मोठं हवं, लांबी ४००० मिलिमीटरपेक्षा जास्त हवी, ग्राउंड क्लिअरन्स १७० मिलिमीटर किंवा त्याहून जास्त हवा. आणि चौथी अट अशी की ती गाडी लोकांत 'एसयूव्ही' म्हणून ओळखली जाणारी असावी. पहिल्या तीन अटी टेप घेऊन मोजता येतात. चौथी कशी मोजायची? पानठेल्यावर जाऊन विचारायचं का, की भाऊ, तुला ही काय वाटते?

सात महिन्यांनी, ११ जुलै २०२३ च्या बैठकीत, परिषदेनं ती अट काढून टाकायचं ठरवलं. आता नाव काहीही असो, मापं जुळली की उपकर लागणार.

साहित्याच्या वाचकाला हा प्रसंग ओळखीचा वाटायला हरकत नाही. शब्दाचा अर्थ लोकांच्या बोलण्यातून ठरतो हे कायद्यानं एकदा मान्य करून पाहिलं, आणि मग घाबरून माघार घेतली. गंमत अशी की सरकार शब्द सोडून मापांकडे वळत होतं त्याच काळात बाजार मापं सोडून शब्दाकडे वळून मोकळा झाला होता. त्याचं सर्वात यशस्वी उदाहरण पुण्यात तयार होतं. टाटा पंच.

पंच १८ ऑक्टोबर २०२१ ला बाजारात आली. लांबी ३८२७ मिलिमीटर, तीन सिलिंडरचं ११९९ सीसीचं पेट्रोल इंजिन, ग्राउंड क्लिअरन्स १८७ मिलिमीटर. फक्त पुढची दोन चाकं ओढतात, चारही चाकांना ताकद देणारी आवृत्ती नाही. म्हणजे टेपनं मोजायच्या तीन अटींपैकी एकच पूर्ण होते. करखात्याच्या लेखी ही लहान गाडी, ब्रोशरच्या लेखी एसयूव्ही. दोघंही खोटं बोलत नाहीत आणि गिऱ्हाईक दोघांवरही खूश आहे, कारण एकाकडून कर कमी लागतो आणि दुसऱ्याकडून मान मिळतो. २०२४ या वर्षात पंच देशातली सर्वाधिक खपलेली गाडी ठरली, २ लाख २ हजारांच्या वर. त्याआधीची चाळीस वर्षं हा मान मारुतीकडे होता.

मी गाड्यांचा समीक्षक नाही. सेवाग्रामच्या रस्त्यावरून ये-जा करत इंजिनिअरिंग केलं, तेही कॉम्प्युटरचं. इंजिनाशी संबंध पहिल्या वर्षाच्या एका विषयापुरता. पण पुस्तकाकडे बघताना आपण मजकूर बघतो, मलपृष्ठावर काय लिहिलंय ते बघतो आणि ते कोण वाचतंय तेही बघतो. या स्वस्त, आखूड, उंच गाड्यांकडे मला तसंच बघायचं आहे. कारण गेल्या काही वर्षांत आमच्या जिल्ह्यात, वर्ध्यात, जी वस्तू सगळ्यात जास्त गंभीरपणे वाचली गेली ती कादंबरी नव्हती, ते गाडीचं ब्रोशर होतं.

*

या गाड्यांचा पहिला लेखक अर्थखातं आहे. २००६ च्या अर्थसंकल्पात लहान गाड्यांवरचं अबकारी शुल्क २४ वरून १६ टक्क्यांवर आलं. लहान म्हणजे काय? लांबी ४००० मिलिमीटरच्या आत, पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत, डिझेल १५०० सीसीपर्यंत. आम्ही सॉफ्टवेअरवाले याला सीमेची अट म्हणतो. अशी अट लिहिली की सगळा खेळ त्या आकड्याच्या अलीकडे-पलीकडे सुरू होतो हे कुठल्याही ज्युनियर प्रोग्रामरला ठाऊक असतं. तसंच झालं. २००८ मध्ये टाटांनी इंडिगोची शेपटी कापून ३९८८ मिलिमीटरची सीएस काढली. २०१२ मध्ये महिंद्रांनी झायलोची मागची बाजू उतरवून क्वांटो काढली. ब्रेझा, व्हेन्यू, सॉनेट, एक्सयूव्ही ३००, सगळ्या ३९९५. माणसाच्या पायाला किती जागा लागते यापेक्षा अधिसूचनेत किती जागा आहे हे आधी बघितलं गेलं. डिकीत सूटकेस आडवी मावत नाही याचं कारण २००६ च्या एका वाक्यात आहे.

या आखूड, उंच गाड्यांच्या मराठी वंशावळीत पहिलं नाव कुणाच्याच लक्षात नसतं, म्हणून ते लिहून ठेवतो. २००९ मध्ये चिंचवडच्या प्रीमियर कंपनीनं रिओ काढली होती. पद्मिनीवाली तीच प्रीमियर. चिनी सांगाडा, त्यामागे दायहात्सूचं जुनं डिझाइन, प्यूजोच्या घराण्यातलं डिझेल इंजिन. चार मीटरच्या आतली एसयूव्ही ही कल्पना चार वर्षांनी फोर्डच्या इकोस्पोर्टनं गाजवली, पण इथे ती आधी चिंचवडनं आणली होती. फार कुणी घेतली नाही. असो.

खरा धडा त्याच सुमारास, उंचीचं नाव न घेणाऱ्या एका गाडीनं दिला.

*

वर्ध्याचा माणूस लिहितोय म्हटल्यावर गांधी येणारच, असं तुम्ही मनाशी धरलं असेल. येतात, पण चरख्यासकट नाही. १९२४ मध्ये यंत्रांविषयी झालेल्या एका संभाषणात गांधींनी शिवणयंत्राला सूट दिली होती. सिंगरनं बायकोला टाके घालण्याच्या कंटाळवाण्या कामात शिणताना पाहिलं आणि तिच्यावरच्या प्रेमापोटी यंत्र केलं, अशी ती गोष्ट ते सांगतात. त्या यंत्राच्या मुळाशी नफा नसून माया आहे, हा त्यांचा मुद्दा.

आता नॅनोची गोष्ट आठवा. पावसात भिजणारं एक कुटुंब, पुढे उभा मुलगा, गाडी चालवणारा बाप, मागे बाळाला घेऊन आई, आणि सगळे एका स्कूटरवर. ते पाहून रतन टाटांना वाटलं की यांना परवडेल अशी गाडी केली पाहिजे. गोष्टीचा साचा हुबेहूब सिंगरचा आहे. दुसऱ्याचे हाल दिसले आणि त्यातून यंत्र जन्मलं. १० जानेवारी २००८ ला दिल्लीच्या ऑटो एक्स्पोत ती समोर आली, २३ मार्च २००९ ला मुंबईत विक्रीसाठी जाहीर झाली. मधल्या काळात सिंगूर सोडून साणंदला जावं लागलं, तो मोठा आणि वेगळा विषय.

इंजिनिअरच्या नजरेनं नॅनो आजही सुंदर आहे. ६२४ सीसीचं दोन सिलिंडरचं इंजिन मागे, त्यामुळे पुढे माणसांना जागा. वायपर एकच, चाकाला नट तीनच, डिकीला बाहेरून उघडणारं दार नाही. प्रत्येक वजाबाकीमागे विचार होता. माझ्या धंद्यात इतकी काटकसर करून चालणारी गोष्ट लिहिली तर लोक पाठ थोपटतात. गिऱ्हाइकानं मात्र ती यादी अपमानांची यादी म्हणून वाचली. एकच वायपर? तीनच नट? पुढे रतन टाटांनीच जाहीरपणे म्हटलं की 'सगळ्यात स्वस्त' हा शिक्का बसला हे दुर्दैवी होतं. साणंदचा कारखाना वर्षाला अडीच लाख गाड्या काढण्याच्या तयारीनं उभा होता. ती वेळ कधी आली नाही.

'स्वस्त' या शब्दामुळे नॅनो पडली, हे निदान सगळेच सांगतात. मला ते अर्धंच वाटतं. शब्दापेक्षा ती गोष्टच नडली. सिंगरची बायको यंत्राची गिऱ्हाईक नव्हती. तिला कुणी दुकानात जाऊन पैसे मोजायला सांगितलं नव्हतं. इथे मात्र भिजणाऱ्या कुटुंबालाच पैसे मोजायचे होते, आणि मोजले की साऱ्या गावाला कळणार होतं की स्कूटरवर भिजत होते ते हेच. करुणेतून झालेली वस्तू फुकट मिळाली तर माणूस घेईल कदाचित. कर्ज काढून कोण घेईल?

त्यात ती स्कूटर म्हणजे आमच्याकडे दुखरी जागा. बजाज हे नाव वर्ध्याचं आहे. जमनालाल बजाजांचं गाव हे. पुण्याला कारखाना निघाला तरी वर्ध्यात बजाजच्या स्कूटरकडे घरची वस्तू म्हणूनच बघितलं गेलं. १९८९ ची बजाजची ती प्रसिद्ध जाहिरात आठवणाऱ्यांना आठवत असेल. तिच्यात ना वेग होता ना उंची. कपडे नीट करून स्कूटर पुसणारी साधी माणसं होती आणि विकला जात होता तो 'आपलेपणा'. वीस वर्षांनी त्याच स्कूटरवरच्या कुटुंबाकडे बघून कुणाला तरी दया आली. जे कुटुंब जाहिरातीत अभिमानाचं चित्र होतं ते आता दयेचं झालं. ही अदलाबदल स्कूटरवाल्यांना विचारून झाली नव्हती.

*

नॅनोनंतर कुणीही भारतात स्वस्त गाडीला स्वस्त म्हटलं नाही. लहान गाडीला लहान म्हणणंही हळूहळू बंद झालं.

१५ जानेवारी २०१६ ला महिंद्रांनी केयूव्ही १०० आणली, चाकणमध्ये बनवलेली, सुरुवातीची किंमत पुण्यात ४ लाख ४२ हजार. ही गाडी फसली, पण माझ्या मते या सगळ्या प्रकारातली सर्वात मौलिक कल्पना तिच्यात होती. गिअरची दांडी वर डॅशबोर्डवर नेली आणि पुढे सलग बाक टाकला. पुढे तीन, मागे तीन, सहा माणसं, पावणेचार मीटरच्या आत. आमच्याकडे लग्नाला, मयतीला, नागपूरच्या दवाखान्यात जाताना गाडीत किती माणसं असतात हे ज्यानं पाहिलं असेल त्यालाच असं सुचेल. आणि जाहिरात कुणाची? वरुण धवनची. 'के' म्हणजे 'कूल'. आतली कल्पना सहा जणांच्या कुटुंबाची आणि बाहेरचं वेष्टण कॉलेजच्या पोराचं. त्या पोराला पुढच्या बाकावर आजोबांना मध्ये बसवून फिरायचं नव्हतं, आणि आजोबांच्या घरापर्यंत ही गाडी आपल्यासाठी आहे हा निरोप पोचलाच नाही. मलपृष्ठानं पुस्तक मारल्याची उदाहरणं मराठीत कमी नाहीत, तसंच हे. २०२३ च्या सुमारास ती बंद झाली. (सहाव्या माणसाच्या सुरक्षेचं काय, हा रास्त प्रश्न होताच. तो पुढे येईल.)

*

आता पंच, आणि एक नकळत झालेला प्रयोग.

सॉफ्टवेअरमध्ये एकाच पानाच्या दोन आवृत्त्या दोन गटांना दाखवतात, फरक एकाच बटणाचा, आणि लोक कशावर जास्त बोट ठेवतात ते मोजतात. टाटांकडे असा प्रयोग आपोआप झाला. जानेवारी २०२० मध्ये त्यांनी अल्ट्रोझ आणली. अल्फा नावाच्या नव्या सांगाड्यावरची पहिली गाडी. त्याच सांगाड्यावर पंच उभी राहिली. २०१९ मध्ये जिनिव्हात आणि २०२० मध्ये ग्रेटर नोएडात तिचं संकल्पनारूप दाखवलं होतं. दोघींना १.२ लिटरचं तीन सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, दोघींची दारं थेट ९० अंशांत उघडतात, दोघींना ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत मोठ्यांच्या सुरक्षेसाठी पाच तारे. अल्ट्रोझ १६ सेंटिमीटरनं लांब आहे, म्हणजे डिकीला आणि आतल्या माणसांना जास्त वाव. पंच सुमारे ९ सेंटिमीटरनं उंच आहे, आणि पोटाखालची जागा १६५ ऐवजी १८७ मिलिमीटर.

२२ मिलिमीटर म्हणजे अंगठ्याचं एक पेर. तेवढ्या फरकावर एका गाडीला 'हॅचबॅक' म्हटलं आणि दुसरीला 'एसयूव्ही'. दुसरी देशात पहिली आली, पहिली मागे पडून राहिली.

हे सगळं निव्वळ शब्दाचं यश आहे, असं म्हणून हसणं सोपं आहे. पण देवळी तालुक्यातल्या आमच्या काकाजींनी २०२३ च्या दसऱ्याला पंच घेतली तेव्हा मी सोबत होतो, आणि त्या सगळ्या व्यवहारात 'एसयूव्ही' हा शब्द त्यांनी एकदाही उच्चारला नाही. विक्रेता पोरगा तो दर वाक्यात घालत होता. काकाजी एकच म्हणत राहिले, "उच्ची पाह्यजे बापा. उच्ची आहे ना?" घरी आल्यावर काहून विचारलं तर म्हणाले, "अबे, थ्या लहान्या गाडीत बसलं का बंडीवरचा मानूस बी आपल्याले वरून पाह्यते."

यातली अर्धी गोष्ट शुद्ध व्यवहाराची आहे. पांदण ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी: शेतात जाणारी, दोन्ही बाजूंनी झुडपं वाढलेली वाट. बंड्यांच्या आणि ट्रॅक्टरच्या चाकांनी तिच्यावर दोन खोल चाकोऱ्या पडतात आणि मधे मातीचा उंचवटा राहतो. चाकोरी हा शब्द आपण लेखांत कंटाळवाण्या आयुष्यासाठी वापरतो. इथे ती खरी असते आणि गाडीचं पोट खरवडते. उन्हाळ्या-हिवाळ्यात अंगठ्याच्या एका पेरानं पोट वाचतं की नाही याचा फरक पडतो. पावसाळ्यात काळ्या मातीत १८७ काय आणि २२० काय, ट्रॅक्टरशिवाय काही चालत नाही. शिवाय काकींचे गुडघे. खाली वाकून गाडीत शिरण्यापेक्षा उभ्यानं मागे सरकून बसता येणं हे त्यांच्यासाठी कुठल्याही ताऱ्यांपेक्षा मोठं सुख आहे, आणि ते कंपनीच्या जाहिरातीत ठळक कुठे दिसत नाही. म्हाताऱ्या गुडघ्यांना विकायला काढलेली गाडी तरुण घेणार नाहीत, हे केयूव्हीनंतर सगळ्यांना कळलेलं.

उरलेली अर्धी गोष्ट बंडीवरच्या माणसाच्या नजरेची. तिच्यावर टीका करायला माझी जीभ रेटत नाही. कापसाचा भाव दुसरा कुणी ठरवतो, पाऊस दुसरा कुणी. निदान बसायची उंची आपण ठरवावी, असं एखाद्याला वाटलं तर त्यात दिखाऊपणा किती आणि गरज किती हे पुण्यात बसून मी काय सांगणार?

टीका करायची आहे ती मलपृष्ठावर. पंचच्या आवृत्त्यांना कंपनीनं 'व्हेरिअंट' न म्हणता 'पर्सोना' म्हटलं. व्यक्तिमत्त्वं. प्युअर, अ‍ॅडव्हेंचर, अकॉम्प्लिश्ड, क्रिएटिव्ह. ५ लाख ४९ हजारांची प्युअर म्हणजे शुद्ध. तिच्यात गाणी वाजवायची सोय नव्हती, ती वेगळे पैसे भरून घ्यायची. शुद्ध माणसानं शांत बसावं. त्यापुढचं साहस. काकाजींनी अ‍ॅडव्हेंचर घेतली, कारण त्यात स्टिरिओ येतो. नऊ एकर कोरडवाहू कपाशीवर पाच वर्षांचे हप्ते उचलणाऱ्या माणसाला साहसी म्हणायला माझी हरकत नाही, पण कंपनीच्या मनात ते साहस नसावं. मग 'कर्तबगार', आणि शेवटी, सगळ्यात जास्त पैसे मोजले की, 'सर्जनशील'. माणसाचे गुण किमतीच्या चढत्या क्रमानं मांडलेली इतकी निर्लज्ज यादी मी दुसरीकडे वाचलेली नाही. नॅनोच्या यादीत निदान वस्तूच्या उणिवा होत्या. या यादीत घेणाऱ्याच्या आहेत.

पुढे २०२२ मध्ये काझीरंगा आवृत्ती आली, मग हिरवट रंगाची कॅमो. जंगल आणि लष्कर. आमच्या सेलू तालुक्यात बोर व्याघ्र प्रकल्प आहे. त्याच्या कडेच्या गावांत जंगल म्हणजे तुरीत शिरणारी रानडुकरं आणि रात्रभर मचाणावर जागणं. त्या गावात कॅमो रंगाची गाडी कशात लपणार आणि कुणापासून? मुद्दा खवचटपणाचा नाही. हे चित्र शहरातल्या, शनिवार-रविवारी बाहेर पडणाऱ्या माणसासाठी काढलेलं आहे आणि विकलं जातं सगळ्यांना. ज्या रस्त्यावर, ज्या पांदणीवर ही गाडी खरंच उपयोगी आहे तो रस्ता, ती पांदण या प्रकारातल्या जाहिरातींमध्ये जवळजवळ नसतेच. असतो तो डोंगरातला रिकामा घाट. त्यात समोरून बंडी येत नाही, शेळ्या येत नाहीत, गाडीत चालक सोडून फार तर एक माणूस असतो.

*

आता ताऱ्यांकडे. टाटांना श्रेय द्यायलाच हवं. डिसेंबर २०१८ मध्ये नेक्सॉनला पाच तारे मिळाले, भारतात बनलेल्या गाडीला पहिल्यांदाच, आणि तेव्हापासून सुरक्षितता ही जाहिरातीत सांगायची गोष्ट झाली. त्याआधी विक्रेतेच सांगायचे की इथे 'सेफ्टी' विकली जात नाही. पंचला ऑक्टोबर २०२१ मध्ये मोठ्यांसाठी पाच आणि मुलांसाठी चार तारे मिळाले. मोठ्यांसाठी १७ पैकी १६.४५ गुण. त्याच्या वर्षभर आधी मारुतीची एस-प्रेसो, तीही 'मिनी एसयूव्ही' म्हणूनच विकलेली, १८० मिलिमीटर उंचावलेली, त्याच संस्थेच्या चाचणीत शून्यावर राहिली होती. म्हणजे शब्द तोच, उंची जवळपास तीच, आणि आतला सांगाडा जमीन-अस्मान. 'एसयूव्ही' या शब्दावरून गाडीच्या मजबुतीबद्दल काहीही कळत नाही याचा यापेक्षा स्पष्ट पुरावा नको. नॅनोनं जे करुणेच्या नावानं करायचं ठरवलं होतं, त्या भिजणाऱ्या कुटुंबाला सुखरूप घरी न्यायचं, ते काम त्याच घराण्याच्या या गाडीनं करुणेचा शब्द न काढता केलं. या गाडीत मला सगळ्यात जास्त आदर वाटतो तो याचा.

पण तारे नेमके कशाचे आहेत? गाडीचा पुढचा ४० टक्के भाग ताशी ६४ किलोमीटरच्या वेगानं अडथळ्यावर आदळवतात. आत बाहुले असतात, आणि त्यांनी पट्टे लावलेले असतात. मुलांच्या बाहुल्यांना मुलांची खुर्ची असते. तारे मिळतात ते गाडी आणि पट्टा लावून बसलेला माणूस यांच्या जोडीला. आमच्याकडे जोडीतला एक भागीदार कायम गैरहजर असतो.

११ डिसेंबर २०२२ ला समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा सुरू झाला. तो वर्धा जिल्ह्यातून जातो, वेगमर्यादा ताशी १२०. धडकेतली ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढते. ६४ च्या जागी १२० घातले की ती साडेतीन पट होते. हे बारावीच्या पुस्तकातलं गणित आहे आणि पाच ताऱ्यांच्या जाहिरातीखाली ते छापायची सक्ती केली पाहिजे असं मला गंभीरपणे वाटतं. उंच बसलेल्या माणसाला वेग कमी वाटतो, हा वेगळाच घोटाळा. रस्ता दूरवर दिसतो, त्यामुळे तो हळू सरकतोय असा भास होतो. शिवाय गाडी उंच केली की तिचा तोल वरती सरकतो, वळणावर ती जास्त झुकते. अल्ट्रोझ आणि पंच यांत उंचीचा तोटा असलाच तर तो हा, आणि तो कुठल्याही ब्रोशरमध्ये मिलिमीटरमध्ये दिलेला नसतो.

२४ जानेवारी २०२२ च्या रात्री देवळीहून वर्ध्याकडे येणाऱ्या रस्त्यावर सेलसुऱ्याजवळ एक गाडी पुलावरून खाली गेली आणि सावंगीच्या मेडिकलची सात मुलं गेली. गाडी मोठी होती, चार मीटरच्या आतली वगैरे नव्हे, करखात्याच्याही हिशेबानं अस्सल एसयूव्ही. पुढचे कितीतरी दिवस जिल्ह्यात दुसरा विषय नव्हता. त्या पुलावरून जाताना काकाजी अजून वेग कमी करतात. पण त्या बोलण्यातही मी जे ऐकत आलो ते 'एवढी मोठी गाडी असून' असंच होतं. उंचीनं, वजनानं, आकारानं माणूस वाचतो ही समजूत इतकी खोल आहे की तिच्या विरोधात घडलेली घटनासुद्धा तिच्याच भाषेत सांगितली जाते. या प्रकारच्या गाड्यांची विक्री त्याच समजुतीवर उभी आहे आणि ती खोडून काढण्यात कुठल्याच कंपनीला रस नाही. बरोबरच आहे म्हणा. मलपृष्ठावर कुणी पुस्तकातल्या चुका छापत नाही.

२२ सप्टेंबर २०२५ पासून कर पुन्हा बदलला. चार मीटरच्या आतल्या या गाड्यांवर आता १८ टक्के, मोठ्यांवर ४०. पंचसारखी गाडी आणखी स्वस्त झाली, म्हणजे स्कूटरवरून थेट तिच्यात येणारी कुटुंबं वाढतील. आनंदाचीच गोष्ट आहे. त्यांच्यातले बरेच जण आयुष्यात पहिल्यांदा पट्टा लावायच्या जागेवर बसतील, आणि मागच्या सीटवर पट्टा असतो हे त्यांना सांगायची जबाबदारी सध्या कुणाचीच नाही.

काकाजींच्या गाडीला डिलिव्हरीच्या दुसऱ्या दिवशी सीटकव्हर बसले. चॉकलेटी रेक्झिन, पांढरी शिलाई, दुकान वर्ध्यातलंच. कारागीर हुशार होता, एक सुरकुती दिसू दिली नाही. मागच्या सीटवर पट्टे अडकवायची तिन्ही कुलपं त्यानं रेक्झिनखाली व्यवस्थित दाबून टाकली होती, कारण ती वर राहिली की बसणाऱ्याला टोचतात. पुढच्या दोन्ही कुलपांत खोटी जीभ घालून दिली होती, म्हणजे पट्टा न लावता गाडी चालवली तरी टूं-टूं वाजत नाही. ही वस्तू बिलात वेगळी लावली नव्हती, कव्हरसोबत भेट. मी दुसऱ्या दिवशी गाडी परत नेली आणि मागे चिरा पाडून कुलपं वर काढून मागितली. त्यानं कात्री घेतली, पण आधी काकाजींकडे पाहिलं. नव्या कव्हरला चिरा, मालकाची परवानगी आहे ना? काकाजी म्हणाले, "पाड बावा, पोरगं इंजिनिअर आहे."